बाळ मान धरत नाही? घाबरायच्या आधी या चुका टाळा

लहान मुलांची फिजिओथेरपी करते, त्यामुळे "मॅडम, बाळ अजून मान धरत नाही" हे वाक्य कितीदा ऐकलंय ते विचारूच नका. गंमत अशी की ज्यांनी खरंच लवकर यायला हवं ते येतात आठव्या महिन्यात, आणि ज्यांचं बाळ जेमतेम दोन महिन्यांचं आहे, छान हसतंय, दूध पितंय, ते येतात घाबरेघुबरे होऊन, कारण नणंदेच्या बाळाने म्हणे दीड महिन्यातच मान धरली होती. दोघांच्याही घरी चुका मात्र त्याच त्याच. सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी साधा हिशोब. बाळाची ताकद डोक्याकडून खाली उतरत जाते, पहिली मान, मग खांदे, पाठ, कंबर, सगळ्यात शेवटी पाय. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, आपलं मोठ्यांचं साधारण आठवा भाग, म्हणजे एवढंसं शरीर आणि त्यावर हे ओझं, वेळ लागणारच ना. महिन्याभराचं बाळ पालथं घातलं की क्षणभर डोकं उचलून नाक बाजूला करतं आणि टेकवून टाकतं. दोन महिन्यांचं झालं की उचलून जरा थांबतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास कोपरांवर भार देऊन समोर बघायला लागतं आणि चौथा महिना पूर्ण होईपर्यंत उभं धरलं तर मान डुगडुगत नाही. आठपंधरा दिवस इकडेतिकडे झाले तर आभाळ कोसळत नाही.

पालथं घालायचंच नाही, मग मान येणार कुठून

ही माझी सगळ्यात लाडकी चूक. डॉक्टर सांगतात बाळाला उताणं झोपवा, आणि ते अगदी बरोबरच आहे, झोपेत उताणंच, दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ पासून हे सांगायला सुरुवात केली, त्याने झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप कमी झालं आणि आता सगळीकडे तेच सांगतात. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग आहे तो कुणी ऐकतच नाही, की जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना, पालथं घाला. मग होतं काय, बाळ रात्री उताणं, दिवसा झोळीत उताणं, बाहेर निघालो की त्या कॅरीकॉटमध्ये उताणं, आणि उरलेला वेळ कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर. मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभरात कामच नाही. आणि मग चौथ्या महिन्यात मला विचारायचं मान का धरत नाही.

आपल्याकडे आधी हे आपोआप व्हायचं बरं का. आंघोळ घालणारी बाई पाय पसरून बसायची, बाळाला नडगीवर पालथं घालायची, पाठीवर पाणी ओतायची, ते बाळ तारस्वरात रडत का होईना पण डोकं उचलायचं, रोज, न चुकता. आता जाळीवाला टब आलाय, त्यात बाळ उताणंच पडून असतं. टब वाईट नाही, पाठ धरलेल्या आईला सोयीचाच आहे, फक्त पायावरच्या आंघोळीत जे फुकट मिळत होतं ते आता वेगळा वेळ काढून द्यावं लागणार एवढं लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं जागेपणी पालथं, असं दिलंय. मिळून म्हणतेय मी. सलग अर्धा तास ठेवून बाळाला रडवणारे आईवडील पण बघितलेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

माझी पद्धत सांगते. पहिल्या आठवड्यांत आई मागे रेलून बसते आणि बाळ तिच्या छातीवर पालथं, हेसुद्धा मोजायचं. नंतर प्रत्येक वेळी लंगोट किंवा डायपर बदललं की एकदा पालथं, मग मिनिटभर राहो की तीन मिनिटं. दूध पाजल्या पाजल्या नको, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर सगळं बाहेर येईल आणि तुम्ही म्हणाल बघा याला सोसत नाही. जमिनीवर सतरंजी, वर गोधडी घडी करून, बस. मऊ गादीवर घालू नका, त्यात हात रुततात आणि नाक पण खुपसलं जातं. छातीखाली पंच्याची गुंडाळी सरकवायची, कोपरं खांद्याच्या खाली पुढे आणून ठेवायची, कारण हात पोटाखाली अडकलेले असतील तर कुणालाच डोकं उचलता येणार नाही, करून बघा तुम्ही स्वतः. आणि समोर स्वयंपाकघरातलं चकचकीत स्टीलचं ताट भिंतीला टेकवून उभं करा. महागडे खेळणे आणतात लोक पण त्या ताटात हलणारं स्वतःचं तोंड बघायला बाळ जेवढी मान वर करतं तेवढी कुठल्याच खुळखुळ्याला करत नाही.

"पण मॅडम रडतं हो." रडणारच की. तुम्हाला कुणी एकदम प्लँक करायला लावलं तर तुम्ही हसाल का? कुरकुर सुरू झाली की लगेच उचलायचं नाही, आपण जमिनीवर आडवं होऊन त्याच्या तोंडासमोर तोंड आणायचं, बोलायचं, गाणं म्हणायचं, अजून दहा-वीस सेकंद मिळतात. खरंच जोरात रडायला लागलं तर उचला. पण दोन दिवस करून "याला आवडत नाही" म्हणून सोडून देणारे जे आहेत ना, त्यांचं काय करायचं मला कळत नाही.

एकाच बाजूला बघणारं बाळ

साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं, दिवाळीच्या जरा आधी. बाळ साडेचार महिन्यांचं, गुटगुटीत, तक्रार तीच, मान धरत नाही. उताणं ठेवलं तर मुंडी सारखी उजवीकडे. डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालेलं आणि बरोबर तिथलेच केस घासून गेलेले, रुपयाएवढा गोल डाग. घरच्यांनी त्याआधी काय करावं? गावाकडे कुणीतरी नस बसवणारा आहे त्याच्याकडे नेऊन मानेला झटका देऊन आणलं होतं, दोनदा! मला एवढा संताप आला की दोन मिनिटं बोलताच येईना. चार महिन्यांच्या बाळाच्या मानेला झटका देणं म्हणजे थेट जिवाशी खेळ आहे, तिथे मणके आहेत, मज्जारज्जू आहे, रक्तवाहिन्या आहेत, बसवायला नस वगैरे काही नसते तिथे.

मानेचा स्नायू दाबून बघितला, गाठ नव्हती, मान हाताने डावीकडे पूर्ण वळत होती. कुल्हे तपासले, कारण मान एका बाजूला असलेल्या काही बाळांत कुल्ह्याचाही त्रास सापडतो, तेही ठीक. मग मी त्यांना घरी फोन करून झोपायच्या खोलीचा व्हिडिओ मागवायला लावला. पलंग भिंतीला लावलेला, बाळाच्या डावीकडे कोरी भिंत, उजवीकडे आई, खिडकी, टीव्ही, सगळं जग उजवीकडे. डावीकडे बघायचं तरी कशाला त्याने! औषध काही लिहून दिलं नाही. बाळाचं डोकं होतं तिथे पाय आणि पाय होते तिथे डोकं करा म्हटलं, म्हणजे आपोआप आई आणि खिडकी डावीकडे. झोळी फक्त झोपेपुरती, झोप झाली की बाहेर. बोलायचं, खुळखुळा वाजवायचा तो डाव्या बाजूने. आणि वर सांगितलं तसं पालथं, दिवसभर थोडं थोडं. आजींना हे पटलं नाही, फी देऊन पलंग फिरवायला सांगतात असं त्या बाहेर बोलल्या ते मला ऐकू आलं. संक्रांतीला बोरन्हाणाचा फोटो आला, हलव्याचे दागिने घालून आईच्या मांडीत ताठ मानेने बसलेला आणि डावीकडे पडलेल्या बोरांकडे बघत होता.

एक मात्र सांगते. मान हाताने वळवतानाच अडत असेल किंवा गळ्याच्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागत असेल तर घरी पलंग फिरवत बसू नका, ते वेगळं प्रकरण आहे, लवकर दाखवलं तर व्यायामाने बहुतेकदा छान सुटतं.

मान आली नाही तोवर बसवायची घाई

उशांच्या बेचक्यात तीन महिन्यांचं बाळ कोंबून बसवायचं, फोटो काढायचा, "बसायला लागला" म्हणून ग्रुपवर टाकायचा. तो बसलेला नसतो हो, त्याला ठेवलेलं असतं. पाठीचा धनुष्यबाण झालेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि तिथून बाहेर यायचं कसं त्याला माहीत नाही. बसणं म्हणजे कुशीवर वळून, हाताने रेटून स्वतः उठून बसणं, तोल गेला तर हात टेकणं, ते सगळं शिकतं ते जमिनीवर लोळून. घट्ट बसवायच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मिळतात त्याही त्यातल्याच. जेवणापुरत्या दहा मिनिटं, मान पक्की झाल्यावर, चालतील.

आणि किती महिन्यांना काय, याची रेंज केवढी मोठी आहे ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपली दिल्लीपण होती, निरोगी बाळांवर अभ्यास करून २००६ मध्ये आकडे दिले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे शेजारचं नवव्या महिन्यात चाललं आणि तुमचं सोळाव्या महिन्यात, दोघंही त्यात बसतात. आणि रांगलंच नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी, त्याच अभ्यासात सुमारे ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी चालायला लागली. मात्र एकच हात पाय वापरून फरपटत जात असेल तर ते रांगणं धरू नका, दाखवा.

वॉकरबद्दल मी जास्त बोलत नाही कारण बोलायला लागले की थांबत नाही. त्यात बाळ लटकलेलं असतं, पायाचे चवडे टेकतात टाचा नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि एका सेकंदात तीन फुटांच्या वर सुटतं, तोवर तुम्ही चहाचा कप खाली ठेवलेला नसतो. चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. कॅनडाने २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडे बारशाला आहेर म्हणून देतात. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा शंभर पटीने बरा, कारण त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, भार त्याचा तोच पेलतो. तोही धरून उभं राहता आल्यावरच द्या आणि फरशीवर सुळकन पळतो म्हणून पुढे एखादी पाण्याची भरलेली बाटली बांधा.

बाकीच्या, एकेका ओळीत

हात धरून उठवून "मान धरते का बघू" ही परीक्षा येणारा प्रत्येक पाहुणा घेतो, बंद करा, त्याने मान येत नाही आणि खांदा दुखतो.

मालिश जरूर करा, बाळाला आवडतं आणि आईलाही, पण कुठलंही तेल मुरून मान घट्ट होत नाही, आणि मालिशवाली पाय धरून उलटं टांगत असेल तर तिला चहा पाजून निरोप द्या.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी: नको. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत कुठलीच उशी नको.

हवेत उडवून झेलायचं नाही, गदागदा हलवायचं तर मुळीच नाही, रडणं थांबेना म्हणून चिडून तर कधीच नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

मान न धरलेल्या बाळाला घेऊन मोटरसायकलवरून खड्ड्यांतून माहेरी जायचं, हा हट्ट कशासाठी?

मान स्थिर नसताना नाचणीची पेज सुरू करू नका, ठसका लागतो. सहा महिने अंगावरचं दूध पुरे, उष्टावण तोवर थांबेल.

"हाडं कच्ची आहेत" म्हणून मनानेच कॅल्शियम पाजू नका. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टर देतात ते वेगळे, ते मात्र चुकवू नका.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय चुकीचं मोजणं

हा गोंधळ सुशिक्षित घरांतसुद्धा. बाळ ३० आठवड्यांना झालं म्हणजे ४० ला १० आठवडे कमी. आज ते चार महिन्यांचं, म्हणजे साधारण १७ आठवड्यांचं आहे, त्यातून १० वजा करा, उरले ७. आता सात आठवड्यांच्या बाळाने मान धरायला हवी का? नाही ना! हे असं दुरुस्त वय दोन वर्षांपर्यंत धरायचं. लसीकरण मात्र जन्मतारखेनेच, तिथे वजाबाकी करू नका. आणि याचा अर्थ असाही नाही की "लवकर झालंय, उशीर होणारच" म्हणून एनआयसीयूवाल्यांनी (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाने) दिलेल्या फॉलोअपच्या तारखा बुडवायच्या. उलट अशा बाळांना जास्त बघावं लागतं.

"त्याचा बापही उशिराच चालला होता"

आता जी चूक सांगतेय तिने मला रात्रीची झोप लागत नाही. घाई करणारे चिडचिड करायला लावतात, पण वाट बघणारे घाबरवतात.

सात महिन्यांचं एक बाळ आणलं होतं, बसत नाही म्हणून. विचारता विचारता कळलं की चौथ्या महिन्यात मान छान धरली होती, हसायचं, आवाज काढायचं, आणि नंतर मान पुन्हा सैल पडली, हसणं कमी झालं. घरच्यांचं म्हणणं, सर्दी झाली होती ना त्यात अशक्त झाला. अजून काही करतो का? तर आजी कौतुकाने म्हणाल्या, झोपेतून उठला की "जय बाप्पा" करतो, एकामागून एक. मोबाइलमध्ये व्हिडिओ होता. डोकं झटकन खाली, दोन्ही हात पुढे येऊन जवळ, दोन सेकंद, परत सरळ. थोड्या वेळाने परत. परत. प्रत्येक वेळी बाळाचा चेहरा कावराबावरा आणि मागे घरातल्यांचं हसणं. त्याला इन्फंटाइल स्पॅझम्स म्हणतात, झटक्यांचा म्हणजे आकडीचा एक प्रकार आहे, दिसायला एवढा साधा की दचकणं, पोटात दुखणं किंवा नमस्कार वाटतो, पण मेंदूचं दर दिवशी नुकसान करतो. मी व्यायाम वगैरे काही सांगितलं नाही, त्याच दिवशी मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी झाली, औषधं चालू झाली, झटके थांबले. पण दोन महिने दृष्ट काढण्यात आणि "होईल आपोआप" मध्ये गेले होते ते गेलेच. आता ते मूल माझ्याकडे येतं, हळूहळू बसायला लागलंय.

त्यामुळे आलेली गोष्ट जाणं, म्हणजे धरलेली मान सुटणं, हसणारं बाळ हसेनासं होणं, याला कुठलीही रेंज लागू नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर. आपल्याकडे अजून एक कारण सापडतं. आई पूर्ण शाकाहारी, दूधदुभतंही फारसं नाही, बाळ फक्त अंगावर, सहा महिन्यांनंतरही वरचं खाणं नीट सुरू नाही, आणि बाळ फिकट, सुस्त, शिकलेलं विसरतंय, कधी हातपाय थरथरतात. व्हिटॅमिन बी१२ ची कमतरता असू शकते. वेळेत कळलं तर उपचाराने बाळ असं पालटतं की घरच्यांना ओळखू येत नाही, त्यासोबत आईचंही बी१२ तपासा.

याशिवाय चार महिने पूर्ण होऊनही मान अजिबात सावरत नाही, दोन-तीन महिन्यांना नजर मिळवून हसत नाही, मुठी सतत आवळलेल्याच, उचललं की पायांची कात्री होते किंवा अंग धनुष्यासारखं मागे ताणतं, किंवा उलट हातातून निसटेल इतकं ढिलं लागतं, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं ("डावखुरा होणार" म्हणून खूश होतात लोक), जन्मल्यावर रडलं नव्हतं किंवा कावीळ खूप वाढली होती, यातलं एक जरी असेल तर मामा-काकांच्या कहाण्या बाजूला ठेवा.

पैशांसाठी थांबत असाल तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात विकासातला उशीर धरलेला आहे, आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा, त्या जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची वाट दाखवतील, तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते.

येताना डिस्चार्ज कार्ड आणा, लसीकरणाचं कार्ड आणा, आणि जे विचित्र वाटतंय त्याचा मोबाइलवर व्हिडिओ आणा, कारण ओपीडीत आल्यावर बाळ ते नेमकं करत नाही. बाळाचं पोट भरून तासभर झालेलं असावं, झोप झालेली असावी. भुकेलं पेंगुळलेलं बाळ माझ्यासमोर ठेवून "घरी सगळं करतं हो" म्हणू नका, मला काहीच कळत नाही मग आणि परत यावं लागतं.